बेचाळिसाव्या वर्षी पदार्पण करणारे सॅचेल पेज
अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९०६ मध्ये जन्मलेले सॅचेल पेज हे बेसबॉलमधील असामान्य पिचर. मात्र कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारे बंद होती. १९२६ पासूनची उमेदीची दोन दशके त्यांनी कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये व गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत घालवली. त्या कामगिरीच्या नोंदीही अपुऱ्याच. १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडण्याचा मान तरुण जॅकी रॉबिन्सन यांना मिळाला. पेज यांना ते शल्य बोचले. पुढच्या वर्षी, ४२ व्या वाढदिवशी, क्लीव्हलँडने त्यांना करारबद्ध केले. हा प्रसिद्धीचा खटाटोप असल्याची टीका झाली. पेज यांनी सहा सामने जिंकून दिले, एक गमावला. संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून तीन डावांत त्यांनी एकही धाव दिली नाही. त्याच शहरात १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.