शेतकऱ्याच्या पोरानं शोधलं इन्सुलिन : डॉ. फ्रेडरिक बँटिंग

पिपरी मेघे (वर्धा) : १४ नोव्हेंबरला गावोगावच्या शाळांत बालदिन असतो. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, हे कमी लोकांना माहीत आहे. इन्सुलिन शोधणारे डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस.

१८९१ साली कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळ शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वात धाकटे. डॉक्टर झाले, पहिल्या महायुद्धात जखमी झाले, शौर्यपदकही मिळालं. १९२० मध्ये दवाखाना टाकला, पण पेशंटच येईनात. पहिल्या महिन्याची कमाई फक्त ४ डॉलर!

त्या काळी टाईप वन मधुमेह झालेलं लेकरू वाचत नसे. या आजारात शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद पडतं. डॉक्टरांकडे एकच उपाय होता, जवळपास उपाशी ठेवणं. पोरं हाडाचा सापळा होऊन जात.

१९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग यांनी चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याला सोबत घेऊन कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. स्वादुपिंडाचा अर्क कमी पडू लागला, तेव्हा शेतावरचं ज्ञान कामी आलं. कत्तलखान्यात येणाऱ्या गायी बरेचदा गाभण असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पोटातल्या वासराच्या स्वादुपिंडात इन्सुलिन असतं, पाचक रस मात्र कमी. मग अर्क तिथून काढला.

११ जानेवारी १९२२ ला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं. ते नीट लागू पडलं नाही. कॉलिप या शास्त्रज्ञानं अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि साखर उतरली. मरणाच्या दारातला तो पोरगा पुढे १३ वर्षं जगला.

पेटंटचे हक्क या मंडळींनी विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकले. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिओड यांना मिळालं. बँटिंग यांनी आपल्या वाट्याचे अर्धे पैसे बेस्टला दिले. २१ फेब्रुवारी १९४१ ला विमान अपघातात ४९ व्या वर्षी ते गेले.

आज आपोआप इन्सुलिन देणारी यंत्रं आली आहेत. कातडीखालचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो आणि कमरेचा पंप त्या हिशेबानं डोस कमी-जास्त करतो. जेवणाची माहिती मात्र पेशंटलाच भरावी लागते. किंमत लाखांत असल्यानं खेड्यातल्या बहुतेक घरांना ते परवडत नाही. पण पंप असो की साधी सुई, आत जातं ते इन्सुलिनच.

लेकराला खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं दिसली तर झाडपाल्यात दिवस घालवू नये, लगेच रक्तातली साखर तपासावी. पिपरी मेघेपासून सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं जवळच आहेत. टाईप वन असेल तर इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही.