भारताच्या पहिल्या रॉकेटने आकाशात सोडियम सोडलं होतं, त्यामागे होते विक्रम साराभाई

अमरावती, अकोल्याच्या रस्त्यांवर एलईडी येण्याआधीचे नारिंगी-पिवळे दिवे आठवतायत? ते सोडियमचे. तसाच नारिंगी उजेड २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळच्या आकाशात दिसला. त्यामागे होते विक्रम साराभाई.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरातला. केंब्रिजला शिकायला गेले, दुसरं महायुद्ध पेटलं म्हणून परतले आणि बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली वैश्विक किरणांवर काम करू लागले. १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली.

त्यांना वरची हवा अभ्यासायची होती. पण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर बलून पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. उरतं रॉकेट. आता ज्या देशाला गहू बाहेरून आणावा लागत होता, त्याला रॉकेट कशाला? साराभाईंचं म्हणणं साधं होतं. हवामान, दूरसंचार, शिक्षण यासाठी हे तंत्रज्ञान गरीब देशालाच जास्त लागणार.

पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून थुंबा हे मच्छिमारांचं गाव निवडलं. तिथल्या चर्चमध्ये ऑफिस थाटलं. रॉकेट अमेरिकेचं, सोडियमचं उपकरण फ्रान्सचं. जमिनीवर अंधारत असताना वर ऊन होतं, त्यात सोडियमची वाफ चमकली. ढग कुठे सरकतो ते बघून तिथला वारा मोजता आला.

गंमत म्हणजे, तिथे सोडियम मुळातच असतं. लोणारचं विवर एका मोठ्या दगडाने केलं, पण उल्कांची बारीक धूळ रोज वर जळते. त्यातून सोडियम, लोह अशा धातूंचे विरळ थर साधारण ९० किलोमीटरच्या आसपास तयार होतात.

ते मोजायला आता लायडार आहे. जमिनीवरून पिवळा लेझर सोडला की सोडियमचे अणू चमकतात. उजेड परतायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते, किती उजेड आला त्यावरून अणूंचं प्रमाण. ब्रिटनमध्ये हे १९६९ मध्येच जमलं होतं.

साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला कोवलममध्ये गेले, अवघ्या ५२ व्या वर्षी. पुढे तिरुपतीजवळच्या गडंकीत, अंतराळ विभागाच्याच प्रयोगशाळेत, सोडियम लायडार सुरू झाला. ज्या हवेपर्यंत पोचायला साराभाईंना दोन देशांची मदत घ्यावी लागली, ती आता आपल्याच जमिनीवरून मोजली जाते.