भास्कराचार्य आणि अनादि काळ

आमच्या शहापुराकडे घरभरणी किंवा सत्यनारायण असला म्हणजे भटजी संकल्प सांगतात. कल्प, मन्वंतर, युग, मग शक, महिना, तिथी, वार असे उतरत उतरत ते यजमानाच्या ओटीवर येऊन पोहोचतात. ऐकणाऱ्यांचे लक्ष बहुधा प्रसादाच्या शिऱ्याकडे असते! पण हा काळातला पत्ताच आहे, आणि त्याची पहिली ओळ कोठून सुरू करायची हा प्रश्न साधा नाही. काळाला आरंभ आहे की तो अनादि आहे? सह्याद्रीतल्या एका गणित्याने याला दिलेले उत्तर मला आजही धीट वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे त्यांनीच नोंदले आहे. ते नेमके कोणते यावर विद्वानांत वाद आहे. त्यात मी पडत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. लीलावतीच्या घटिकापात्रात मोती पडल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती सोळाव्या शतकात फैजीच्या फारसी भाषांतराबरोबर आली, म्हणून येथे सोडून देतो.

मुरबाडकरांना नाणेघाट ठाऊक आहे. तेथल्या सातवाहनकालीन लेण्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. शंभराची खूण निराळी, हजाराची निराळी, शून्य नाही. अशा आकड्यांनी गाई मोजता येतात, कल्प मोजणे जड जाते. भास्कराचार्यांच्या हाती शून्य होते. त्यांचा कल्प ४,३२,००,००,००० वर्षांचा. त्याच्या प्रारंभी, रविवारी, लंकेच्या सूर्योदयी सर्व ग्रह मेषारंभी एकत्र होते आणि तेथून फिरू लागले, असे धरून सारे गणित चालते. दुसऱ्या टोकाला त्रुटी: एका अहोरात्रात २,९१,६०,००,००० त्रुटी.

मग कल्पारंभ हाच काळाचा आरंभ का? नाही. कल्प हा ब्रह्मदेवाचा केवळ एक दिवस. त्याचे आयुष्य शंभर वर्षांचे, आणि त्यातले किती सरले यावर ज्योतिषांत मतभेद: कोणी म्हणे निम्मे, कोणी म्हणे साडेआठ वर्षे. भास्कराचार्यांनी हा वाद एका श्लोकात झटकून टाकला. काळ अनादि आहे, तेव्हा असे किती ब्रह्मदेव होऊन गेले ते मला माहीत नाही, असे त्यांनी सरळ लिहिले. ग्रह ब्रह्मदेवाच्या चालू दिवसात निर्माण झाले, तर त्या दिवसाचा गेलेला भाग मोजा. बाकीच्याचा ग्रहगणिताला उपयोग नाही. इतक्या मोठ्या आचार्याने 'माहीत नाही' हे शब्द ग्रंथात घालावेत, याचे मला फार मोल वाटते.

गोलाध्यायात मात्र ते निराळे बोलतात. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा, त्याला तिसरा, असे संपणारच नाही. शेवटच्याला स्वतःची शक्ती द्यायचीच, तर ती पृथ्वीलाच का देऊ नये? आमचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणतील, एक अनंत साखळी तोडली आणि दुसरी राहू दिली. मला यात विरोध दिसत नाही. आधारांची मालिका संपली नाही तर पृथ्वी टेकणार कशावर? काळाच्या मालिकेने मात्र त्यांचे काही अडत नव्हते.

पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतात. कल्पाचा आकडा जवळपास जुळतो म्हणून काहीजण हरखून जातात. तो युगांच्या परंपरेतून आणि ग्रहांच्या पूर्ण फेऱ्यांच्या सोयीतून आला, खडकांच्या परीक्षेतून नव्हे, हा योगायोगच. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे सांगतात, पण त्याआधी काय, हे अजून सुटलेले नाही. २०२५ मध्ये निवर्तलेल्या जयंत नारळीकरांना तर महास्फोटातला हा एकमेव आरंभ कधी पटला नाही.

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. त्यात कल्प बाजूला ठेवून गणित त्याच वर्षापासून सुरू केले आहे. पंचांगकर्त्यांचे काम त्याने सोपे झाले.

पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ चा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आरंभ संस्कृतात आहे. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, आणि पाटणच्या बाजारातल्या मालावरचे कोणते उत्पन्न मठाला द्यावे, हे त्यांत लिहिले आहे.