एकोणतीस वर्षांचा हँक

नोरा जोन्स तुमच्यापैकी अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये असेल. पंडित रविशंकरांची मुलगी, २००२ मध्ये ‘कम अवे विथ मी’ या पहिल्याच अल्बमने जगभर पोहोचलेली. त्यात ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ नावाचं एक गाणं आहे. जॅझच्या अंगाने, असं निवांत गायलंय की ते तिचंच वाटतं. पण ते १९५१ मध्ये बाजारात आलेलं कंट्री गाणं आहे. लिहिणारा होता अलाबामाच्या खेड्यातला एक हडकुळा पोरगा, ज्याला सुरांची लिपी कधीच वाचता आली नाही. हँक विल्यम्स. तो गेला तेव्हा २९ वर्षांचा होता.

कलाकार म्हटला की तो दुखावलेला, पिणारा, लवकर मरणारा असायचा, अशी एक फिल्मी समजूत आपल्याकडेही आहे. या समजुतीला हँकइतकं चपखल उदाहरण शोधून सापडायचं नाही. म्हणूनच त्याची गोष्ट जरा नीट बघू या.

१७ सप्टेंबर १९२३ चा त्याचा जन्म. मणक्याची हाडं जन्मतःच नीट जुळलेली नव्हती. स्पायना बिफिडा म्हणतात त्याला. पाठदुखी आयुष्यभर पाठीशी लागली ती तिथून. वडील लाकूडतोड कंपनीच्या रेल्वेवर कामाला होते. हँक सहा-सात वर्षांचा असताना ते सरकारी इस्पितळात भरती झाले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. आई लिली खमकी. घरात पैसे देऊन राहणारी-जेवणारी माणसं ठेवायची आणि संसार ओढायची.

अशात पोराला गुरू भेटला तो रस्त्यावर. रूफस पेन, लोक त्याला टी-टॉट म्हणत. कृष्णवर्णीय, फुटपाथवर गिटार वाजवून पोट भरणारा. तीसच्या दशकातलं अलाबामा म्हणजे गोऱ्यांचं आणि काळ्यांचं सगळं कायद्याने वेगळं. शाळा वेगळ्या, डबे वेगळे. तिथे हा गोरा पोरगा त्याच्या मागे मागे फिरायचा. फी म्हणजे खिशातली चिल्लर, नाहीतर लिलीच्या हातचं जेवण. पेनने त्याला ठेका दिला, ब्लूज दिला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं हे शिकवलं. कंट्री म्हणजे गोऱ्या खेडुतांचं संगीत, असं आजही बिनधास्त सांगितलं जातं. त्या संगीताच्या सगळ्यात मोठ्या नावाची तालीम कुणाकडे झाली, हे मग सांगायचं राहून जातं. हँकने स्वतः मात्र ते कधी लपवलं नाही. पेन १९३९ मध्ये गरिबीतच वारला. शिष्याची एकही रेकॉर्ड त्याला ऐकायला मिळाली नाही.

पुढची वर्षं घाईघाईने सांगतो. माँटगोमेरी शहरातल्या गाण्याच्या स्पर्धेत १५ डॉलरचं बक्षीस, स्थानिक रेडिओवर कार्यक्रम, ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ नावाचा बँड, दारू, बँड मोडणं, पुन्हा जमवणं. १९४४ च्या डिसेंबरात ऑड्रीशी लग्न झालं, तेही चक्क एका पेट्रोल पंपावर.

१९४६ मध्ये हँक नॅशव्हिलला फ्रेड रोझकडे गेला. रोझ हा पियानो वाजवणारा, स्वतः गीतकार आणि गाण्यांचा प्रकाशक. कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून आणलेली गाणी तो हँकसोबत बसून तासायचा. इथला शब्द जड, तो काढ. इथे चाल अडखळते, ती सरळ कर. हँकच्या गाण्यात एकही शब्द अडत नाही, सगळं बोलल्यासारखं येतं. हे आपोआप होत नसतं. दोन माणसांनी एका खोलीत बसून घासलेली गाणी आहेत ती.

गंमत म्हणजे, त्याचं नशीब उघडलं ते दुसऱ्याच्या गाण्याने. ‘लव्हसिक ब्लूज’ हे १९२२ मधलं, रंगमंचाच्या वळणाचं गाणं. रोझला ते अजिबात आवडलं नव्हतं. हँकने हट्टाने ते रेकॉर्ड केलं आणि १९४९ मध्ये ते १६ आठवडे कंट्रीच्या यादीत पहिलं राहिलं. ११ जून १९४९ ला तो ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर उभा राहिला. हा नॅशव्हिलचा रेडिओवरून प्रसारित होणारा साप्ताहिक कार्यक्रम. तेव्हा तो रायमन सभागृहात व्हायचा, जे मुळात प्रार्थनेसाठी बांधलेलं होतं. बाकांवर बसलेल्या लोकांनी त्या रात्री त्याला पुन्हा पुन्हा मंचावर बोलावलं.

त्याच वर्षी त्याने ‘आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय’ गायलं. एखादंच गाणं ऐकणार असाल तर हे ऐका. रात्र, पाखरू, आगगाडी, एवढंच सामान आहे त्यात. कंपनीने ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं!

मग ‘हे, गुड लुकिन’’, मग ‘जांबालाया’. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ तर टोनी बेनेटने गायलं आणि ते शहरी पॉपच्या यादीतही पहिलं आलं. पण इकडे पाठ सुटेना. १९५१ च्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली, तीही फारशी कामी आली नाही. दारू होतीच, त्यात मॉर्फिन आलं. १९५२ मध्ये घटस्फोट झाला. ऑगस्टमध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं. शेवटच्या महिन्यांत त्याच्यावर उपचार करणारा ‘डॉक्टर’ तर पदवी विकत घेतलेला भामटा निघाला.

अशा अवस्थेत, २३ सप्टेंबर १९५२ ला, त्याने ‘युअर चीटिन’ हार्ट’ रेकॉर्ड केलं. बघा, दुःखातूनच सोनं आलं की नाही, असं म्हणणारे याच दिवसाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी स्टुडिओत फ्रेड रोझ होता, स्टील गिटारवर जुना साथीदार डॉन हेल्म्स होता, हँकच्या गळ्यात पंधरा-सोळा वर्षांचा रियाज होता. या सगळ्यातून गाणं आलं. दारू आणि मॉर्फिनने काय दिलं, तर तो दिवस शेवटचा ठरवला. त्यानंतर हँक स्टुडिओत गेलाच नाही.

नववर्षाच्या दिवशी ओहायोतल्या कँटनमध्ये कार्यक्रम होता. बर्फामुळे विमान रद्द झालं, तेव्हा एक कॉलेजचा पोरगा त्याची निळी कॅडिलॅक चालवत निघाला. हँक मागच्या सीटवर. वाटेत नॉक्सव्हिलच्या हॉटेलात डॉक्टरने इंजेक्शन दिलं होतं. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल गावी पोराने मागे वळून पाहिलं, तर अंग गार पडलेलं. तिकडे कँटनमध्ये प्रेक्षक सभागृहात येऊन बसले. बातमी मंचावरून सांगितली गेली, आणि कलाकारांनी त्याचंच ‘आय सॉ द लाइट’ गायलं.

या जगातून आपण जिवंत सुटत नाही अशा अर्थाच्या नावाचं त्याचं एक गमतीदार गाणं नुकतंच बाजारात आलं होतं. तो गेल्यावर ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या तिघांत तो होता, फ्रेड रोझही होता. २०१० मध्ये पुलित्झरने विशेष सन्मान दिला.

आणखी एक तारीख आहे. तो गेल्यावर पाचच दिवसांनी, ६ जानेवारी १९५३ ला, त्याची मुलगी जन्मली. आधी लिलीने तिला दत्तक घेतलं. लिली वारल्यावर ती दुसऱ्या घरी गेली. आपला बाप कोण हे तिला मोठेपणी कळलं आणि मुलगी म्हणून हक्क मिळवायला कोर्टाची लढाई लढावी लागली. जेट विल्यम्स हे तिचं नाव. लढाई जिंकून ती त्याची गाणी गात हिंडली, आणि मागे स्टील गिटार वाजवायला डॉन हेल्म्स बसायचा.