चाल कुणाची, नाव कुणाचं

मैत्रिणींनो, कोजागिरीच्या रात्रीची गोष्ट सांगते. आमच्या मानोऱ्यात गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. त्या रात्री भुलाबाईची गाणी झाली, डबे वाजवून खाऊ ओळखून झाला, गच्चीवर दूध आटत होतं आणि आम्ही टाळ घेऊन भजनाला बसलो होतो. माझी नात बाजूला मोबाईल घेऊन बसलेली. भजन संपलं आणि जरा वेळानं तिच्या मोबाईलवर एक जुनं हिंदी गाणं लागलं. पोरगी ताडकन उठलीच! आपलं भजन सिनेमावाल्यांनी चोरलं म्हणून मला सांगायला आली. हसून हसून आमची पुरेवाट झाली. कारण चोर आम्हीच होतो. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याच मंडळातल्या एकीनं भाकरी थापता थापता त्या सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाचे शब्द बसवले होते. नातीनं जन्मापासून आमचं भजनच ऐकलेलं. तिच्यासाठी तेच मूळ!

आपल्या बहुतेकींचं असंच होतं, नाही का? 2002 साली ‘काँटा लगा’चं रिमिक्स गावोगावच्या वरातींत वाजत होतं, तेव्हा किती पोरींना ठाऊक होतं की ते 1972 च्या ‘समाधी’ सिनेमातलं लताबाईंचं गाणं आहे? जे कान आधी ऐकतात ते खरं, बाकीची नक्कल.

दूध पिऊन सगळ्या गेल्या आणि मला आजीची ट्रंक आठवली. माझी आजी कारंज्याची. तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली एक पिवळं पडलेलं पुस्तक असायचं, राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. नाटक तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण माहेरच्या ग्रामोफोनवर ऐकलेली सिंधूची पदं तिला तोंडपाठ होती. दळताना, निवडताना, सांजवात लावताना तिचं चालूच. लहानपणी मला वाटायचं, ही गाणी आजीनंच केली आहेत. पुढे कळलं की ती बालगंधर्वांची. आणि त्या पुस्तकातल्या बारीक अक्षरांकडे नीट बघितलं ते तर फारच उशिरा, पन्नाशी ओलांडल्यावर.

जुनं नाटकाचं पुस्तक हाती लागलं तर बघा. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असं लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे दोन-चार शब्द छापलेले असतात. म्हणजे हे पद त्या गाण्यावर बेतलं आहे, हे छापून, उघड सांगितलेलं! यात चोरी-लबाडी काही नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ आणलं, तेव्हापासूनची ही रीत. त्यांनी कीर्तनातल्या चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, कर्नाटकातल्या घेतल्या. लोकांच्या ओळखीचा सूर आणि त्यावर नवे शब्द. आमच्या भाकरी थापणाऱ्या मैत्रिणीनं तरी दुसरं काय केलं?

पण ‘एकच प्याला’तल्या चाली मी वाचत गेले, तर तिथे गझल, ठुमरी, कजरी असा मामला. उर्दू-हिंदी शब्द. आजीला यातलं एक अक्षर कळलं नसतं. मग या चाली पतिव्रता सिंधूच्या तोंडी आल्या कुठून?

त्या आणल्या पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांनी. हे नाव ऐकलंय का कधी? मीही ऐकलं नव्हतं. आणि एके काळी या बाई अशा प्रसिद्ध होत्या की त्यांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या!

सुंदराबाईंचा जन्म 1885 चा. गडकरीही त्याच वर्षी जन्मलेले. सुंदराबाईंनी गाणं रीतसर शिकून घेतलं आणि पुढे बैठकी गाजवल्या. लावणी गाणाऱ्या बाया महाराष्ट्रात पुष्कळ होत्या, पण यांच्या गळ्यात लावणीबरोबर उत्तरेकडची ठुमरी, दादरा, गझल, कजरी, शिवाय भजनं, असा सगळा साठा होता. तो काळ आठवा. चांगल्या घरातली बाई गाणं ऐकायला बैठकीला जाऊ शकत नव्हती. गाणं तर दूरच. बैठक असायची पुरुषांची, आणि तिथे जी गाते तिच्याबद्दल घरातल्या बायकांसमोर बोलायचंसुद्धा नाही. माझ्या आजीच्या माहेरी गाणारीण गावात आली की पोरींना माजघरात कोंडायचे, असं ती सांगायची.

त्याच वेळी रंगभूमीवर बालगंधर्वांचं राज्य होतं. नारायण श्रीपाद राजहंस त्यांचं नाव. बायकांनी नाटकात काम करायचं नाही, म्हणून नायिका तेच. त्यांचे शालू, त्यांचे दागिने, त्यांची पदर घेण्याची ढब बघून खऱ्या बायका तशा नटायला लागल्या होत्या! 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. दोघंही मोठे जाणकार, आणि दोघांची नावं आजही आदरानं घेतली जातात.

मग आलं ‘एकच प्याला’. गडकऱ्यांनी नाटक लिहून ठेवलं, पण प्रकृती इतकी ढासळली की पदं त्यांच्या हातून होईनात. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. आणि कितीतरी पदांच्या चाली बालगंधर्वांना मिळाल्या सुंदराबाईंकडून. 23 जानेवारी 1919 रोजी गडकरी आपल्या विदर्भातच, नागपूरजवळच्या सावनेरला वारले. वय अवघं तेहतीस. पुढच्याच महिन्यात, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. लेखकाला आपलं सर्वात गाजलेलं नाटक बघायला मिळालं नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तळीरामाच्या नादानं तो पहिला प्याला घेतो. मग संसाराची राखरांगोळी. बायको सिंधू दळणं दळून पोट भरते. नवऱ्याच्या हातून तान्हं मूल जातं आणि शेवटी तिचाही जीव जातो. मरताना पोलिसांसमोरही ती नवऱ्याचं नाव घेत नाही. भरजरी शालूंसाठी गाजलेले बालगंधर्व यात फाटकं, ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभे राहायचे आणि थेटरातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

खरं सांगू? मला सिंधू पटत नाही. दारू काय करते हे आपल्या भागातल्या बायकांना पुस्तकातून शिकायला नको. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायका या महाराष्ट्रानं पाहिल्यात. भाऊ न्यायला आला असता नवऱ्याचे पाय सोडायचे नाहीत, हे मला तरी जमलं नसतं. पण ‘कशि या त्यजू पदाला’ लागलं की हात जागच्या जागी थांबतात. शब्दांशी मी भांडते आणि सूर मला गप्प करतो.

तो सूर गझलेचा आहे. गझलेत प्रेमात पोळलेलं माणूस तक्रार करतं. तीच तळमळ बालगंधर्वांनी उचलली आणि सिंधूच्या तोंडी तिचं पातिव्रत्य झालं! शब्द बदलले, लुगडं बदललं, बैठकीतला गालिचा जाऊन फुटका संसार आला. आणि माझ्या आजीच्या वडिलांनी, ज्यांनी गाणारणीची सावली घरावर पडू दिली नसती, त्यांनी स्वतःच ती तबकडी विकत आणून लेकींना ऐकवली. बैठकीतली चाल अशी थेट देवघरापर्यंत गेली. तिथे सांजवात लावताना आजी तीच तर गुणगुणायची.

मी कधीकधी कल्पना करते. सुंदराबाई चाल सांगताहेत आणि समोर बसलेले बालगंधर्व, महाराष्ट्रातले सर्वात मोठे गायक नट, ती गळ्यावर चढवून घेताहेत. एक बाई एका पुरुषाला बाईचं दुःख कसं गायचं ते शिकवते आहे. आणि प्रयोगाच्या रात्री त्याच रंगमंचावर तिला उभं राहायची सोय नाही.

बालगंधर्वांना मी यात कमी लेखत नाही बरं का. दुसऱ्याची चाल घेऊन ती अशी आपली करायची की मूळ गाणं लोक विसरून जावेत, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. पण पुस्तकातल्या त्या कंसात मूळ गाण्याचे शब्द छापले गेले, ते गाणाऱ्या बाईचं नाव काही तिथे आलं नाही.

ग्रामोफोनचं मात्र वेगळं होतं. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनून यायच्या. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गाणारणी शेवटी आपलं नाव स्वतः सांगत. कोलकात्याच्या गौहरजाननं 1902 साली सांगितलं, मग कितीजणींनी. केवळ ओळख पटावी म्हणून निघालेली युक्ती, पण त्यामुळे त्या बायकांची नावं त्यांच्याच आवाजात राहिली. सुंदराबाईंच्याही तबकड्या पुष्कळ निघाल्या, मराठी आणि हिंदुस्तानी दोन्ही, आणि त्यांवर त्यांचं नाव ठसठशीत छापलेलं असे. हल्ली त्यातल्या काही मोबाईलवर ऐकायला मिळतात. नातीनं मला लावून दिल्या. खरखर फार, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतून हाक मारल्यासारखा. लाजरेपणा अजिबात नाही.

पुढे रेडिओ आला आणि सुंदराबाई मुंबई रेडिओवर गायल्या. 1939 साली प्रभातच्या ‘माणूस’मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांना घेतलं. काम कुठलं? हवालदार गणपतच्या आईचं! देवभोळी, मायाळू म्हातारी, सतत देवाचं नाव ओठावर. शाहू मोडक तिचा मुलगा आणि शांता हुबळीकर मैना, बदनाम वस्तीत गाऊन पोट भरणारी. गणपत मैनेला आईकडे नेतो. म्हातारी जीव लावते, पण आपल्या पायगुणानं हे घर बाटेल या धास्तीनं मैना तिथे टिकत नाही. मी तो सिनेमा पूर्वी दोनदा पाहिला होता. ती म्हातारी म्हणजे सुंदराबाई हे समजल्यावर तिसऱ्यांदा लावला, तेव्हा मैनेकडे नाही, त्यांच्याकडेच बघत बसले. घराबाहेरचं जग ज्या बाईनं उभ्या आयुष्यात पाहिलं, तीच त्या पवित्र घराची मालकीण झाली होती. भजनही काय मनापासून म्हटलंय!

सुंदराबाई 1955 मध्ये वारल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. 1964 साली ते पद्मभूषण झाले आणि 1967 मध्ये गेले. त्यांच्या नावाचं रंगमंदिर पुण्यात आहे, त्यांच्यावर 2011 साली सिनेमा निघाला, माझी नातही त्यांचं नाव जाणते. सुंदराबाईंबद्दल मी गावात ओळखीच्या नऊ-दहाजणींना विचारलं. त्यात दोन गाण्याच्या क्लासवाल्या होत्या, एक निवृत्त शिक्षिका होती. एकीनंही नाव ऐकलेलं नव्हतं. सिंधूची पदं मात्र सगळ्यांना पाठ.

परवा ट्रंक उघडली तेव्हा पुस्तकाची पानं हातात सुटी यायला लागली होती. नातीनं सेलोटेप आणून चिकटवली. मग मी शिसपेन्सिल घेतली आणि नाटकाच्या नावाखाली, जिथे गडकऱ्यांचं नाव आहे तिथे, त्यांच्या खाली गुर्जरांचं आणि त्याखाली पुण्याच्या सुंदराबाई जाधवांचं नाव लिहिलं. पुस्तकात रेघोट्या मारलेल्या आजीला मुळीच खपत नसत. नातीनं विचारलं, भजनाच्या वहीत आपण सिनेमाचं नाव का नाही लिहिलं? मंडळाची वही माझ्याच कपाटात असते. येत्या एकादशीला ती काढून आधी आमच्या त्या भाकरीवाल्या मैत्रिणीला विचारावं लागेल, कुठली चाल तिनं कुठून उचलली. तिला सगळ्या आठवत असल्या म्हणजे मिळवली!