कार्ल विल्हेल्म शेले : सायनाइड वेगळे करणारे औषधविक्रेते

सायनाइड म्हटले की विष आठवते आणि नायट्रोजन म्हटले की युरियाचे पोते. पण सायनाइडमध्येही नायट्रोजन असतो. कार्बनचा एक आणि नायट्रोजनचा एक अणू जोडले गेले की सायनाइडचा गट तयार होतो. या दोन्ही पदार्थांवर अगदी सुरुवातीच्या काळात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे कार्ल विल्हेल्म शेले.

शेले यांचा जन्म ९ डिसेंबर १७४२ रोजी श्ट्रालझुंड येथे झाला. हे गाव आज जर्मनीत आहे. तेव्हा तेथे स्वीडनची सत्ता होती. अकरा भावंडांत ते सातवे. विद्यापीठात शिकण्याची संधी त्यांना मिळाली नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी ते गोथेनबर्गच्या एका औषधालयात उमेदवारी करू लागले. दुकानातील काम आणि पुस्तके यांतूनच ते रसायनशास्त्र शिकले.

हवा ही एकच वस्तू नसून तिचे दोन मुख्य भाग आहेत, हे त्यांनी प्रयोगांतून ओळखले. जळण्यास मदत करतो तो ऑक्सिजन. ज्यात ज्योत विझते तो दुसरा भाग म्हणजे नायट्रोजन. त्याला ते खराब हवा म्हणत. ऑक्सिजन त्यांना प्रीस्टली यांच्या आधी मिळाला होता. पण त्यांचे पुस्तक छापून निघायला १७७७ साल उजाडले आणि तोवर प्रीस्टली यांचे काम प्रसिद्ध झाले होते.

१७७५ मध्ये शेले कोपिंग या छोट्या गावातील औषधालय चालवू लागले. त्याच वर्षी स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. १७८२ च्या सुमारास त्यांनी प्रशियन ब्लू हा निळा रंग सौम्य गंधकाम्लासोबत तापवला. त्यातून निघालेला वायू पाण्यात विरघळवून त्यांनी एक नवे आम्ल मिळवले. तेच हायड्रोजन सायनाइड. नेहमीप्रमाणे त्यांनी त्याचा वास आणि चवही नोंदवली. ते किती जीवघेणे आहे याची त्यांना कल्पना होती, असे दिसत नाही.

२१ मे १७८६ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी, शेले यांचे निधन झाले. आर्सेनिक, पारा यांसारख्या विषारी पदार्थांशी रोजचा संबंध आल्याने त्यांची प्रकृती खालावली, असे अनेकांना वाटते. मृत्यूच्या दोनच दिवस आधी त्यांनी औषधालयाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी लग्न केले. आपल्यामागे दुकान तिच्याकडे राहावे, हा त्यामागचा हेतू होता.

या आम्लात नेमके काय आहे, हे त्यांच्या पश्चात कळले. १८१५ मध्ये गे-लुसॅक यांनी त्यात हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजन किती असतात ते दाखवले. पुढे १८८७ पासून खनिजातून सोने काढण्यासाठी सायनाइड वापरले जाऊ लागले आणि खाणींचे सांडपाणी नदीत, शेतात जाण्याचा धोका निर्माण झाला.

असे पाणी भातखाचरात आले तर काय होते? सायनाइड पेशींच्या श्वसनातील एक महत्त्वाचे विकर बंद पाडते, त्यामुळे रोपाला ऊर्जा कमी पडते. नायट्रेटचे नायट्राइट करणारे विकरही ते अडवते. म्हणजे मुळांपाशी नायट्रेट असूनही रोपाला त्यापासून अमिनो आम्ले व प्रथिने नीट बनवता येत नाहीत. वाढ खुंटते.

मात्र भाताला सायनाइड अगदीच नवे नसते. इथिलीन हे संप्रेरक बनवताना रोपातच थोडे सायनाइड तयार होते. एक विकर ते सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडते. पुढच्या टप्प्यांत त्यापासून अॅस्परॅजिन किंवा अमोनिया बनतो. अशा रीतीने विषातला नायट्रोजन रोपाच्या कामी येतो.

पण ही सोय थोड्याच सायनाइडपुरती आहे. मात्रा वाढली की तीच यंत्रणा अपुरी पडते. म्हणून त्यात नायट्रोजन असला तरी सायनाइडचे पाणी हे खत नव्हे. शेतात शिरण्यापूर्वीच ते रोखावे लागते.