इरावती कर्वे: बर्लिनच्या कवट्या ते खानदेशातले भिल्ल

इरावती कर्वे म्हटले की बहुतेकांना ‘युगान्त’ आठवते. पण मेंदूची कुवत वंशावर ठरते का, या वादात त्या त्याच्या चाळीसेक वर्षे आधीच पडल्या होत्या.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. पुण्यात हुजूरपागा आणि फर्ग्युसन, मग मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८ मध्ये त्या बर्लिनला निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना, महर्षी कर्वे यांना, हे पसंत नव्हते.

कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी असमान आणि बुद्धी सरस, असा त्यांचा तर्क. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण तिचा वंशाशी संबंध दिसेना. गुरूला नको असलेला हा निष्कर्ष त्यांनी तसाच लिहिला.

पुढे काय घडले ते पाहिले की याचे मोल कळते. १९३३ मध्ये जर्मनीत कायदा आला. स्किझोफ्रेनिया, अपस्मार, मतिमंदत्व हे आनुवंशिक दोष ठरवून सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली.

इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापाची पट्टी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. जातींची डोकी-नाकेही मोजली, आणि त्यावर टीका होते ती रास्तच आहे. पण पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवरचे त्यांचे १९६१ चे पुस्तक ही सामाजिक-आर्थिक पाहणी आहे. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा याच पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळे जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला १९९८ मध्ये.

धडगाव-अक्कलकुव्याची नावे आज कुपोषणाच्या बातम्यांत येतात. विज्ञानही आता वारसा म्हणजे केवळ जनुके असे मानत नाही. जनुक तेच राहते, पण त्यावरच्या रासायनिक खुणांमुळे ते कमी-जास्त चालते. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. १९४४-४५ च्या डच दुष्काळात पोटात असलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि सहा दशकांनंतरही काहींच्या जनुकांवर अशा खुणा दिसल्या. त्या नातवंडांपर्यंत पोचतात का, याचा माणसातला पुरावा अजून तोकडा आहे. उंदरांवरचे प्रयोग माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

१९६८ मध्ये इरावतीबाईंनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.